तारेवर बसलेला पक्षी वाचतो आणि खांबावर बसलेला मरतो, असं का?

प्रश्न असा होता: विजेच्या उघड्या तारेवर होले, कोतवाल, वेडे राघू तासन्‌तास बसलेले असतात, त्यांना शॉक का लागत नाही? आणि लागत नसेल, तर त्याच लाइनच्या खांबाखाली अधूनमधून कावळा, घार किंवा वटवाघूळ मरून पडलेलं कसं सापडतं?

आधी नेहमीच्या चुकीच्या उत्तरांचा निकाल लावू. पक्ष्याच्या पायाची कातडी जाड, खवल्यांची असते, पण अकरा हजार व्होल्ट अडवण्याइतकी नक्कीच नसते. तारेवर आवरण असतं असंही नाही. गावाबाहेरून जाणारी ११ केव्हीची तार म्हणजे पोलादी गाभ्याभोवती पीळ देऊन बसवलेली उघडी ॲल्युमिनियम. ‘दिवसा लाइन बंद असते म्हणून पक्षी बसतात’ हे उत्तर बहुधा शेतीपंपाच्या लोडशेडिंगमधून आलं असावं. लाइन चालू असतानाही ते तितकेच निवांत बसतात.

खरी गोम व्होल्टेज या शब्दात आहे. व्होल्टेज एका जागेचं नसतं, दोन जागांमधलं असतं. ११ केव्हीची लाइन म्हणजे तिच्या कुठल्याही दोन तारांमध्ये ११,००० व्होल्टचा फरक, आणि प्रत्येक तार व जमीन यांच्यात सुमारे ६,३५० व्होल्टचा. पक्ष्याचे दोन्ही पाय मात्र एकाच तारेवर असतात. अंगातून करंट जायचा तर तो एका पायाने शिरून दुसऱ्या पायाने बाहेर पडायला हवा, आणि त्यासाठी त्या दोन पायांच्या जागांमध्ये फरक हवा. तो किती असतो याचा हिशोब सोपा आहे.

ग्रामीण ११ केव्ही फिडरवर (सबस्टेशनमधून निघणाऱ्या लाइनवर) सर्रास वापरली जाणारी एक तार आहे ‘रॅबिट’. (तारांना प्राण्यांची नावं द्यायची ही जुनी ब्रिटिश पद्धत: स्क्विरल, वीझल, रॅबिट, डॉग, पँथर, झेब्रा, मूस. तार जसजशी जाड, तसतसं साधारण जनावर मोठं.) रॅबिटचा रोध किलोमीटरला सुमारे ०.५५ ओहम. कावळ्याच्या दोन पायांत ५ सेंटीमीटर अंतर धरलं, तर तेवढ्या तुकड्याचा रोध ०.००००२७५ ओहम. फिडरवर १०० अँपिअर लोड असेल, तर दोन पायांमधला फरक ०.००२७५ व्होल्ट, म्हणजे पावणेतीन मिलिव्होल्ट. भिंतीवरच्या घड्याळात जो दीड व्होल्टचा सेल असतो, त्याचा साडेपाचशेवा भाग. तारेचा रिअॅक्टन्स (बदलत्या करंटला तारेचा होणारा आणखी एक विरोध) धरला तर आकडा थोडा वाढतो, पण चार मिलिव्होल्टच्या पुढे जात नाही. पुढे कुठे शॉर्ट सर्किट होऊन तारेतून क्षणभर ३,००० अँपिअर गेले, तरी दोन पायांत ८० मिलिव्होल्टच्या आसपासच फरक पडतो. पक्षी उडतो तो तारेला बसलेल्या झटक्याने.

करंटला ॲल्युमिनियमचा इतका सोपा रस्ता उपलब्ध असताना तो पक्ष्याच्या हजारो ओहमच्या अंगातून जात नाही, असं बहुतेक ठिकाणी सांगितलेलं असतं. ते चूक नाही, पण ढोबळ आहे. करंट दोन्ही रस्त्यांनी जातो, रोधाच्या व्यस्त प्रमाणात. पक्ष्याच्या वाट्याला मायक्रोअँपिअरच्या घरातला हिस्सा येतो आणि तो जाणवण्याच्या फार खाली असतो, एवढंच.

याखेरीज आणखी एक करंट असतो, त्याचा उल्लेख क्वचितच होतो. पक्षी जमिनीपासून तुटलेला असला तरी त्याचं शरीर म्हणजे एक लहानसं कपॅसिटर आहे, काही पिकोफॅरडचं. तारेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, सेकंदाला ५० आवर्तनं घेतो, आणि प्रत्येक आवर्तनात हे कपॅसिटर भरतं आणि रिकामं होतं. कावळ्याएवढ्या शरीराला साडेपाच पिकोफॅरड धरले, तर ११ केव्हीच्या तारेवर हा करंट १० मायक्रोअँपिअरच्या आसपास येतो. माणसालासुद्धा हाताला मुंग्या जाणवायला साधारण अर्धा ते एक मिलिअँपिअर लागतो, म्हणजे याच्या पन्नास ते शंभर पट. त्यामुळे ११ आणि ३३ केव्हीवर पक्ष्याला याची खबरही नसते.

दाब वाढला की मात्र चित्र पालटतं. ४०० केव्हीच्या लाइनवर तार आणि जमीन यांच्यात २३१ केव्ही असतात. त्याच हिशोबाने करंट ०.४ मिलिअँपिअरपर्यंत जातो, शिवाय तारेलगतच्या विद्युतक्षेत्राने पिसं थरथरतात, आणि दमट हवेत कोरोनाचा (तारेलगतच्या हवेतून होणाऱ्या बारीक विसर्गाचा) तो चरचर आवाज असतोच. महामार्ग ओलांडणाऱ्या मोठ्या टॉवर लाइनकडे कधी नीट पाहा. पक्षी रांगेत बसलेले असतात ते सगळ्यात वरच्या, टॉवरलाच जोडलेल्या बारीक अर्थ वायरवर, किंवा टॉवरच्या लोखंडी आडव्या पट्ट्यांवर. खालच्या जाड कंडक्टरवर सहसा कोणी बसलेलं दिसत नाही.

म्हणजे दोन खांबांच्या मधे तारेवर बसलेल्या पक्ष्याचं रक्षण त्याचं शरीर करत नाही, त्याच्या आसपासची मोकळी हवा करते. दुसरी कुठलीही वस्तू त्याच्या आवाक्यात नसते. ही मोकळी हवा संपते ती खांबापाशी.

११ केव्हीच्या खांबाच्या डोक्यावर काय असतं ते जवळून बघू. आठ मीटरचा सिमेंटचा पीएससी पोल, त्यावर इंग्रजी व्ही आकाराचा लोखंडी क्रॉस आर्म, त्याच्या दोन टोकांवर दोन पिन इन्सुलेटर (तार ज्यांवर टेकते ती वीज न वाहणारी टेकणी) आणि खांबाच्या माथ्यावर टॉप फिटिंगवर तिसरा. तीन तारा, एकमेकींपासून साधारण मीटरभर. क्रॉस आर्म ८ नंबरच्या जीआय तारेने खाली जमिनीत अर्थ केलेला असतो, आणि तो तसाच असायला हवा, कारण इन्सुलेटर फुटला तर दोषाचा करंट जमिनीत जाऊन सबस्टेशनचा ब्रेकर उडाला पाहिजे. पण पक्ष्याच्या बाजूने पाहिलं, तर याचा अर्थ असा की क्रॉस आर्म म्हणजे खांबाच्या माथ्यावर आणून ठेवलेली जमीन. आणि त्या जमिनीपासून तार फक्त इन्सुलेटरच्या उंचीवर, म्हणजे जेमतेम वीतभर.

आता घारीला किंवा गरुडाला बसायला सगळ्यात सोयीची जागा कुठली? बारीक, हलणारी तार नव्हे. सपाट, पक्का, उंचावरचा क्रॉस आर्म. तिथे बसलेली घार मान वळवते, पंख पसरून झेप घेते, आणि पंखाचा सांधा तारेला लागतो. पाय जमिनीवर, पंख ६,३५० व्होल्टवर. माळरानावर जिथे आसपास एकही झाड नाही तिथले खांब म्हणूनच जास्त मारतात. तिथे उंच बैठक म्हणून खांबाखेरीज दुसरं काही नसतंच. शिकारी पक्ष्यांच्या मरणाबद्दल विचारलं, तर मी आधी त्या खांबाच्या दोनशे मीटरच्या परिघात झाड आहे का, ते विचारतो.

सिमेंटचा पोल ‘सिमेंटचा’ म्हणून सुरक्षित, असंही कोणी समजू नये. आत पोलादी तारा ताणलेल्या असतात, बाहेर अर्थिंगची तार असते, आणि पावसात भिजलेलं काँक्रीट स्वतःच बऱ्यापैकी वाहक होतं. लोखंडी रूळाचा खांब तर उघडच अर्थ.

पक्ष्याचा आकार इथे सगळं ठरवतो. चिमणी, बुलबुल, कोतवाल, खंड्या यांचा आवाका इतका लहान की खांबावरही ते सहसा वाचतात. कावळ्याच्या पंखांचा विस्तार पाऊण मीटरच्या थोडा वर, घारीचा दीड मीटरच्या जवळपास, गिधाडाचा दोन मीटर आणि पुढे. तारांमधलं अंतर मीटरभर असेल, तर घारीचे पसरलेले पंख दोन तारांना एकदम पोचतात. मात्र मोजायचं ते पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत नव्हे. कोरडं पीस उत्तम इन्सुलेटर असतं. त्यामुळे महत्त्वाचं असतं ते मांसल भागांमधलं अंतर, म्हणजे एका पंखाच्या मनगटापासून दुसऱ्या मनगटापर्यंतचं, किंवा चोचीपासून पायापर्यंतचं. अमेरिकेत गरुडांसाठी जो नियम ठरला, त्यात आडवं अंतर १५० सेंटीमीटर आणि उभं १०० सेंटीमीटर धरलं आहे, ते याच हिशोबाने. आपल्याकडचा व्ही क्रॉस आर्म यात बसत नाही.

पिसं ओली झाली की हा सगळा हिशोब बिघडतो. पावसात भिजलेली घार पंख वाळवायला तोच क्रॉस आर्म गाठते आणि तिथे बसून पंख उघडते.

वटवाघळाची तऱ्हा याहून वाईट आहे. फळं खाणारं मोठं वटवाघूळ सव्वा मीटरपर्यंत पंख पसरतं आणि त्याच्या पंखावर पीस नावाची गोष्टच नाही. हाडांवर ताणलेली उघडी, ओलसर कातडी आहे. शिवाय ते उतरतं ते लटकून. एका तारेला पायाने धरलं आणि तोल सावरायला पंख पसरला की शेजारची तार सापडते. वडाच्या, आंब्याच्या, चिकूच्या बागेलगतच्या तारांवर काळी, वाळलेली वटवाघळं महिनोन्‌महिने लटकलेली दिसतात, कारण वटवाघळाचा पाय अंगाच्या वजनानेच आवळला जातो आणि मेल्यावरही सुटत नाही.

हे बहुधा एलटी (कमी दाबाच्या) लाइनवर घडतं. गावातल्या खांबावर एकाखाली एक अशा शॅकल इन्सुलेटरवर बांधलेल्या चार-पाच तारा म्हणजे एलटी: तीन फेज, एक न्यूट्रल, एखादी दिवाबत्तीची. दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट, फेज आणि न्यूट्रलमध्ये २४०. दाब कमी, पण तारांमधलं अंतरही हातभर किंवा त्याहून कमी, आणि गाळ्याच्या (दोन खांबांमधल्या अंतराच्या) मध्यावर झोळ पडला की आणखी कमी. साळुंकी इथे बिनधास्त असते. कावळा बहुतेक वेळा वाचतो, पण दोन कावळे भांडताना एक खालच्या तारेवर आणि एक वरच्या तारेवर असेल आणि चोच चोचीला लागली, तर दोघेही जातात.

खरा धोक्याचा अड्डा मात्र डीपी. डीपी म्हणजे दोन खांबांवर बसवलेला ट्रान्सफॉर्मर आणि त्याचा पसारा: वर एबी स्विच (लाइन तोडायचा-जोडायचा), खाली डीओ फ्यूज (उडाला की खाली लोंबतो तो), लाइटनिंग अरेस्टर (आकाशातली वीज जमिनीत घालवणारा), या सगळ्यांना जोडणारे उघडे जम्पर (तारेचे तुकडे) आणि ट्रान्सफॉर्मरच्या टाकीवरचे तीन बुशिंग (तार टाकीत शिरते तिथले इन्सुलेटर). दोन खांबांमधल्या लाइनवर तारांमध्ये मीटरभर अंतर असतं. बुशिंगपाशी ते २५५ मिलिमीटर होतं आणि बुशिंगच्या टोकापासून अर्थ केलेल्या टाकीपर्यंत फक्त १४० मिलिमीटर. हे आकडे विजेसाठी पुरेसे आहेत, म्हणून ते तसे आहेत. कावळ्यासाठी नाहीत. खारीसाठी नाहीत, मांजरासाठी नाहीत, आणि वानरासाठी तर नाहीतच. टाकीवर बसलेल्या खारीने बुशिंगकडे तोंड नेलं की अंतर संपलं.

त्यावेळी काय होतं? पक्ष्याच्या अंगाचा रोध शेकडो-हजार ओहमचा असतो, त्यामुळे पहिल्या क्षणी काही अँपिअर जातात. तेवढ्याने प्राणी मरतोच. पण जळालेल्या मांसाची वाफ आणि धूर यांतून लगेच आर्क पेटतो, आणि मग करंट पक्ष्यातून न जाता आर्कमधून जातो, हजारो अँपिअर. दोष टाकीच्या बाजूचा असेल तर डीओ उडतो आणि गावाची लाइट जाते. डीओच्या अलीकडे असेल तर सबस्टेशनमधला फिडरचा ब्रेकर अर्थ फॉल्टवर ट्रिप होतो. कित्येकदा पक्षी खाली पडतो, आर्क विझतो, ब्रेकर परत टाकला की राहतो, आणि पेट्रोलिंगला गेलेल्या लाइनमनला काहीच सापडत नाही, कारण तोवर कुत्र्याने तो पक्षी नेलेला असतो. ‘कारण आढळले नाही’ असं लिहिलेल्या ट्रिपिंगपैकी बरीच अशी असतात, असा माझा कयास आहे.

तारेवर बसलेल्या पक्ष्याला एकाच तारेचा आसरा असतो खरा, पण तो एखादी दुसरी तार स्वतःच घेऊन आला तर? कावळ्याची वीण साधारण एप्रिल ते जुलै, आणि हल्ली त्याचं घरटं काटक्यांपेक्षा बांधकामावरच्या बाइंडिंग वायरचं, कपड्यांच्या हँगरचं जास्त असतं. क्रॉस आर्म आणि टॉप फिटिंगच्या बेचक्यात ते नेमकं बसतं. मे महिन्यात कोरडं असेपर्यंत कधी काही होत नाही. पहिला वळीव पडला की ओल्या काड्या आणि लोंबणारी वायर मिळून इन्सुलेटरला वळसा घालतात आणि भर पावसात फिडर जातो. मान्सूनपूर्व देखभालीत घरटी काढायची ती म्हणूनच. अंडी-पिल्लं नसताना, बांधकाम सुरू असतानाच काढलं तर बरं. उशीर केला तर पक्षी पिल्लांच्या ओढीने चार दिवसांत तिथेच पुन्हा बांधतो. साप पकडून उडणारा पक्षी हा आणखी एक प्रकार. साप सुटून दोन तारांवर आडवा पडला की सापही जातो आणि लाइनही.

मोठ्या दाबाच्या लाइनवर पक्ष्याने तारेला स्पर्शही करायला लागत नाही. टॉवरच्या आडव्या हातावर बसलेल्या मोठ्या पक्ष्याची विष्ठा पातळ, सलग धारेत खाली पडते. ती धार इन्सुलेटरच्या माळेशेजारून गेली, तर हवेतलं अंतर क्षणभर कमी होतं आणि त्या वाटेने ठिणगी उडते. १३२ केव्हीची डिस्कची माळ सव्वा-दीड मीटरची असते, त्यामुळे मीटरभराची धार पुरते. कॅलिफोर्नियात बिग क्रीकहून लॉस एंजेलिसकडे येणारी लाइन १९२३ मध्ये २२० केव्हीवर नेली, तेव्हा स्वच्छ हवेत, कारण न सापडता फॉल्ट येऊ लागले. बराच शोध घेतल्यावर दोष पक्ष्यांच्या या धारेचा निघाला. ११ केव्हीवर हा प्रकार फारसा नसतो. तिथे विष्ठेचा त्रास इन्सुलेटरवर थर साचून, दमट हवेत गळती होऊन होतो.

पायांमधल्या अंतराचा हिशोब तारेवर जसा लागतो तसाच जमिनीवरही लागतो, आणि तिथे तो माणसाच्या जिवाशी येतो. तार तुटून ओल्या जमिनीवर पडली आहे, तिच्यातून १० अँपिअर मातीत जात आहेत असं समजू. एवढ्या करंटवर कित्येकदा ब्रेकर उडतही नाही. मातीचा रोध १०० ओहम-मीटर धरला, तर तार टेकली त्या जागेपासून १ मीटरवर जमिनीचा दाब सुमारे १६० व्होल्ट येतो, अडीच मीटरवर ६४. तिथे चरणाऱ्या म्हशीचे पुढचे पाय १ मीटरवर आणि मागचे अडीच मीटरवर असतील, तर तिच्या अंगावर ९५ व्होल्ट येतात आणि वाटेत हृदय असतं. पावलं टाकणाऱ्या माणसाच्या दोन पायांत, ७० सेंटीमीटरच्या पावलाला, ६५ व्होल्ट. त्याच जागी टिपणाऱ्या साळुंकीच्या ५ सेंटीमीटरला साडेसात. म्हणून पावसाळ्यात तुटलेल्या तारेजवळ म्हैस मेलेली असते आणि तिच्या पाठीवर बगळा बसलेला असतो. अशा जागेतून बाहेर पडायचं तर दोन्ही पाय जुळवून, पाय न उचलता घासत किंवा एकदम दोन्ही पायांनी लहान उड्या मारत, निदान दहा मीटर लांब.

‘मग माणूस एकाच तारेला लटकला तर?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. तत्त्वतः तोही वाचतो, आणि हे नुसतं तत्त्व नाही. २२० आणि ४०० केव्हीच्या चालू लाइनवर ‘बेअर हँड’ पद्धतीने काम होतं आणि ते शिकवणारं हॉट लाइन प्रशिक्षण केंद्र बंगळुरूत आहे. तिथे माणूस धातूचे धागे विणलेला सूट घालतो, इन्सुलेटेड शिडीने किंवा दोराने तारेजवळ जातो, आणि हात लावण्याआधी सुटाला जोडलेला क्लॅम्प तारेवर टाकतो. क्लॅम्प टेकताना बारीक चटचट ठिणगी उडते, तो कपॅसिटरचा करंट. त्यानंतर माणूस, सूट आणि तार एकाच दाबावर, पक्ष्यासारखी. फरक एवढाच की पक्षी उडत येतो. माणूस येतो तो शिडीवरून, झाडावरून, उसाच्या ट्रॉलीवरून, म्हणजे येतानाच जमीन बरोबर घेऊन. आंबे काढायच्या झेल्याची लांब काठी, बोअरमधून बाहेर काढताना उभा केलेला वीस फुटी लोखंडी पाइप, हिरवा बांबू, या सगळ्यांची गोष्ट तीच.

आता एक वेगळं मरण, जे यात उगाच मिसळलं जातं. मेलेला पक्षी खांबाच्या बुंध्याशी सापडला, पायावर किंवा पंखाच्या सांध्यावर जळाल्याची काळी खूण असेल, पिसं करपली असतील, तर तो शॉकने गेला. गाळ्याच्या मधोमध, तारेपासून काही मीटर बाजूला सापडला, मान किंवा पंख मोडलेला असेल आणि करपलेलं काही नसेल, तर तो तारेला धडकून गेला. माळढोक असा मरतो. पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी वेगात उडतो, पटकन वळू शकत नाही, आणि त्याचे डोळे बाजूंना असल्यामुळे खाली बघत उडताना समोरचं त्याला दिसतच नाही. त्यातही धडक बहुतेकदा जाड कंडक्टरला होत नाही. तो दिसल्यावर पक्षी वर उठतो आणि वरच्या बारीक अर्थ वायरला आदळतो. सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२१ च्या आदेशात राजस्थान-गुजरातमधल्या माळढोकच्या क्षेत्रात तारा भूमिगत करायला आणि डायव्हर्टर (पक्ष्याला तार दिसावी म्हणून लावायच्या खुणा) बसवायला सांगितलं, ते या धडकेसाठी. २१ मार्च २०२४ ला तो आदेश सौम्य करून कुठे काय करायचं हे तज्ज्ञ समितीवर सोपवलं. सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य १९७९ पासून याच पक्ष्यासाठी राखलेलं आहे. धडकेवर उपाय तार दिसेल असं करणं: फिरत्या चकत्या किंवा सर्पिलं, ठरावीक अंतरावर, मुख्यतः अर्थ वायरवर. शॉकवर त्यांचा काडीचा उपयोग नाही, आणि उलटंही खरं.

शॉक टाळायचा तर काम खांबाच्या माथ्यावर करावं लागतं. सगळी लाइन बदलण्याची गरज नसते. डीपी, कट पॉइंट (लाइन तोडून जम्परने जोडलेली जागा), जम्पर असलेले वळणाचे खांब, आणि माळावरचे, तळ्याकाठचे, कचरा डेपोजवळचे एकाकी खांब एवढे आधी घ्यावेत. बुशिंगवर टोप्या, जम्परवर स्लीव्ह, आणि पिन इन्सुलेटरच्या दोन्ही बाजूंना तारेवर निदान पाऊण मीटर आवरण, म्हणजे क्रॉस आर्मवरच्या घारीचा एक पंख जिथवर पोचतो तिथवर. सगळ्यात जास्त चुकतं ते इथे: तीनपैकी दोन बुशिंगना टोप्या घातल्या आणि तिसरी मिळाली नाही म्हणून तसंच सोडलं, किंवा बुशिंग झाकलं आणि अरेस्टरचं टोक उघडं राहिलं. प्राणी नेमका त्या उघड्या टोकाला लागतो. दुसरी चूक साधा पीव्हीसी पाइप उभा चिरून तारेवर चढवण्याची. उन्हाने तो तडकतो आणि आत पाणी धरतो. ऊन सोसणारी सिलिकॉन रबरची आवरणं याच कामासाठी मिळतात. आणि आवरण पक्ष्याच्या ओझरत्या स्पर्शासाठी असतं. झाकलेल्या तारेला माणसाने हात लावायचा नसतो.

नवीन लाइन उभारताना तर पैसेही फारसे जास्त लागत नाहीत. तार क्रॉस आर्मच्या वर पिनवर बसवण्याऐवजी खाली डिस्कला लटकवली, की वर बसलेल्या पक्ष्याच्या पंखांपासून ती लांब जाते. गावात उघड्या एलटीऐवजी एबी केबल (आवरण असलेल्या तारा एकत्र पिळलेली) ओढली की वटवाघळांचा प्रश्न जवळपास संपतो, आणि आकडे टाकणाऱ्यांचाही, म्हणून ती लवकर मंजूर होते. क्रॉस आर्मवर खिळ्यांच्या पट्ट्या लावण्याबद्दल मात्र माझं मत चांगलं नाही. पक्षी तिथून उठतो आणि दीड फूट सरकून त्याहून वाईट जागी बसतो. त्याला बसूच द्यायचं नसेल, तर बसायला दुसरी चांगली जागा द्यावी लागते: खांबाच्या माथ्याच्या बरीच वर, इन्सुलेटेड दांड्यावर आडवी लाकडी बैठक.

शेवटी, तारेवर मांजात अडकून फडफडणारा किंवा डीपीखाली अर्धमेला पडलेला पक्षी दिसला तर काय करायचं. अडकलेल्या पक्ष्याला बांबूने सोडवायला जाऊ नका. तो एकाच तारेवर असतो म्हणून जिवंत आहे, तुमच्या काठीने त्याला आणि तुम्हाला दुसरं टोक मिळेल. ओला किंवा धातूची पूड लावलेला मांजाही तेच करतो. १९१२ वर वीज कंपनीला कळवा, खांबावर किंवा डीपीवर रंगवलेला क्रमांक सांगा. वन विभागाचा क्रमांक १९२६. लाइनमनने परमिट घेऊन, एबी स्विच उघडून, लाइन मेली आहे याची खात्री करून, दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉडने अर्थ केल्यावरच वर चढायचं असतं, त्यामुळे अर्धा-पाऊण तास लागतो. घाई करायला लावू नका. खाली पडलेला पक्षी खांबाला किंवा ताणाच्या तारेला टेकलेला नाही आणि वरून काही लोंबत नाही हे पाहून मगच उचला. जाड टॉवेलमध्ये धरून भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. तो तासाभरात उभा राहिला, पंख हलवू लागला, तरी त्या दिवशी सोडू नका. शॉकची जखम बाहेर भाजल्याच्या ठिपक्याएवढी दिसते आणि आतलं मांस पुढच्या काही दिवसांत मरत जातं. पंख गळाला की नाही, हे त्यानंतरच कळतं.